रुंद चाकें घेण्यापूर्वीं करावयाचा हिशेब

पावसाच्या दिवसांत काळ्या रानांतून भरलेली मालमोटार बाहेर काढणें मोठें जिकिरीचें काम होऊन बसतें. अरुंद टायर चिखलांत रुततात. म्हणून कित्येक शेतकरी बंधू आपल्या लहान मालमोटारीस मूळच्यापेक्षां रुंद चाकें बसविण्याचा विचार करितात. रुंद टायरामुळें भार अधिक जागेवर पसरतो, हें खरें. परंतु बोल्टांचीं भोकें जुळलीं म्हणजे चाक जुळलें, ही समजूत घातक आहे. भोकें जुळूनहि चाक आंतल्या बाजूनें ब्रेकच्या नळीस घासूं शकतें, किंवा इतकें बाहेर येतें कीं बेअरिंग लवकर झिजतें. हा धोका पैसे मोजण्यापूर्वींच हिशेबानें कळतो. तो हिशेब कसा करावा, हें येथें सांगावयाचें आहे.

त्यासाठीं तीन मापें लागतात.

पहिलें माप रुंदीचें. रिमवर लिहिलेली रुंदी टायरच्या कडा जेथें बसतात त्या दोन जागांमधील असते. बाहेरचे काठ धरून मोजल्यास ती सुमारें १ इंचानें अधिक भरते. म्हणजे ६ इंची रिम काठापासून काठापर्यंत सुमारें ७ इंच होते.

दुसरें माप बॅकस्पेसिंगचें. चाकाचा जो सपाट भाग हबला, म्हणजे बैलगाडीच्या भाषेंत तुंब्याला, टेकून बोल्टांनीं आवळला जातो, त्यास आपण बैठक म्हणूं. बैठकीपासून रिमच्या आंतल्या काठापर्यंतचें अंतर तें बॅकस्पेसिंग. चाक दर्शनी बाजू खालीं करून पालथें ठेवावें, वरच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून बैठकीपर्यंत मोजावें.

तिसरें माप ऑफसेटचें. रिमच्या रुंदीचा मध्य आणि बैठक यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट. तें मिलिमीटरांत देतात. बैठक मध्यापासून रस्त्याच्या बाजूस असल्यास ऑफसेट धन, गाडीच्या बाजूस असल्यास ऋण आणि नेमकी मध्यावर असल्यास शून्य. २५.४ मिलिमीटर म्हणजे १ इंच.

आतां नियम असा: काठापासून काठापर्यंतच्या रुंदीचें अर्ध घ्यावें, त्यांत धन ऑफसेट मिळवावें, ऋण असल्यास वजा करावें, येईल तें बॅकस्पेसिंग.

उदाहरणार्थ, जुनी रिम ६ इंची व ऑफसेट धन २५ मिलिमीटर आहे. ७ चें अर्ध ३॥ इंच, त्यांत सुमारें १ इंच मिळवून बॅकस्पेसिंग ४॥ इंच; बैठकीच्या बाहेर उरले २॥ इंच. तिच्या जागीं ८ इंची, म्हणजे काठापासून काठापर्यंत ९ इंच भरणारी रिम घ्यावयाची आहे. तर:

१. ऑफसेट धन २५ असल्यास बॅकस्पेसिंग ५॥ इंच. चाक १ इंच आंत व १ इंच बाहेर सरकेल.

२. ऑफसेट शून्य असल्यास बॅकस्पेसिंग ४॥ इंच. आंतली बाजू होती तेथेंच राहील. वाढलेले २ इंच सर्व बाहेर येतील.

३. ऑफसेट ऋण २५ असल्यास बॅकस्पेसिंग ३॥ इंच. आंत १ इंच जागा मोकळी होईल. पण चाक ३ इंच बाहेर येईल.

तिसरा प्रकार पाहून पुष्कळांस वाटतें कीं घासण्याची भीतीच मिटली. येथेंच फसगत होते. पहारेचा दांडा जितका लांब, तितका टोकाशीं जोर अधिक. त्याच न्यायानें चाकाचा मध्य बाहेर गेला कीं भरलेल्या गाडीचा भार बेअरिंगवर अधिक पिळवटून पडतो, स्टिअरिंगला धक्के जाणवतात आणि चिखल मडगार्डाबाहेर उडतो.

घासतो तो बहुधा रिमचा काठ नसून टायरची कुशी, हेंहि ध्यानांत ठेवावें. २०५ मिलिमीटरचा टायर जाऊन २५५ चा आला, तर प्रत्येक बाजूस २५ मिलिमीटर वाढ धरावी. टायरची उंची वाढत असल्यास मडगार्डाच्या पुढील व मागील कडेशींहि अंतर पाहावें.

म्हणून प्रथम जुन्या चाकाच्या आंतल्या कुशीपासून स्प्रिंग, स्टिअरिंगचे दांडे व ब्रेकची नळी यांपर्यंतचें अंतर मोजावें. स्टिअरिंग दोन्हीं बाजूंस पूर्ण फिरवून मोजावें, आणि गाडी रिकामी असतां व भरलेली असतां अशा दोन्हीं वेळीं मोजावें. रिकाम्या गाडीवर सुटणारें चाक भरल्यावर घासूं शकतें. रिम व टायर यांची भारक्षमता मूळच्यापेक्षां कमी नसावी. नवीं चाकें बसविल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरांनंतर बोल्ट पुन्हां आवळावे.

शेवटीं एक सूचना. मोटार वाहन कायदा, १९८८, यांतील कलम ५२ अन्वयें उत्पादकाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास बंधन आहे. तेव्हां दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे चौकशी करावी, आणि वरील मापें कागदावर लिहून बरोबर न्यावीं. दुकानदार ऑफसेटचा आंकडा सांगूं शकत नसेल, तर पट्टी लावून स्वतः मोजल्यावांचून चाक घेऊं नये.