राहून गेलेलं स्वप्न कुणाचं?

पालकहो, मुलाच्या वेळापत्रकात आपलं राहून गेलेलं एखादं स्वप्न तर दडलेलं नाही ना, हे एकदा तपासून पाहा. झांग यांग यांचा 'सनफ्लॉवर' (२००५) हा चिनी चित्रपट पाहिल्यापासून हे तुमच्याशी बोलायचं मनात होतं.

साल १९७६. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सक्तमजुरीला धाडलेला चित्रकार बाप बीजिंगला घरी परततो. नऊ वर्षांचा मुलगा त्याला ओळखतही नाही, उलट गलोलीतून खडा मारतो. बापाचे हात पार निकामी झालेत, ब्रश धरवत नाही. मग तो ब्रश मुलाच्या हाती येतो. सवंगडी गल्लीत हुंदडतात आणि हा घरात चित्रं काढत बसतो.

हा एकट्या बापाचा हट्ट नव्हता. चीनमध्ये १९६६ पासून बंद असलेली विद्यापीठ प्रवेश परीक्षा १९७७च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख जण बसले आणि प्रवेश मिळाला जेमतेम पावणेतीन लाखांना. कितीतरी जणांचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. पुढे १९८०च्या सुमारास एकच मूल हे धोरण आलं आणि आईवडील, दोन्हीकडचे आजीआजोबा, साऱ्यांच्या आशा एका पोराच्या डोक्यावर येऊन बसल्या.

इकडे चित्रपटातला काळही पालटत होता. १९८७मध्ये मुलाला ग्वांगझूला जाऊन धंदा करायचा असतो, बाप आडवा येतो. पुढे मुलगा खरोखर चित्रकार होतो, नाव काढतो. म्हणजे बापाचंच बरोबर होतं? मला तसं वाटत नाही. चित्रकला साधली, पण दोघांचं बोलणं कधी साधलं नाही. १९९९मध्ये बापाला नातवंड हवं असतं, मुलगा-सून तयार नसतात. पुन्हा तीच तेढ. बापाची माया खोटी नव्हती. पण मुलाला ती सोसावी लागली.

म्हणून सांगते, आपलं दुःख मुलांपासून लपवू नका. काय हुकलं, का हुकलं, मोकळेपणी सांगा. फक्त त्याची भरपाई त्यांच्याकडे मागू नका. गाणं शिकायचं राहिलं असेल तर क्लास स्वतः लावा, पन्नाशीतही लावा. आणि अभ्यास, मार्क, करिअर हे विषय बाजूला ठेवून मुलाशी रोज थोडं बोला. त्याचं म्हणणं पटलं नाही तरी मध्येच तोडू नका, पुरतं ऐकून घ्या.