प्रतिपिंडांची उणीव आणि न शमणारा दाह

शरीरात जंतू शिरले की त्या जागी लाली येते, सूज चढते व ठणका लागतो. हा दाह म्हणजे मुळात रोग नव्हे. ती संरक्षणाची व्यवस्था आहे. जंतूंच्या अंगची विशिष्ट द्रव्ये ओळखताच श्वेतकोशिका सायटोकाइन नावाची संदेशवाहक प्रथिने सोडतात आणि इतर कोशिकांना मदतीस बोलावतात. जंतूंचा नाश झाल्यावर हे संदेश थांबावयास हवेत. ते थांबले नाहीत, तर जंतूंसाठी पेटविलेला वणवा स्वतःच्याच ऊतकांना जाळू लागतो.

१९५२ साली अमेरिकेतील डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन आढळले नाही. प्रतिपिंडे असतात ती रक्तातील याच भागात. त्यांनी ते बाहेरून टोचून दिले आणि मुलाचा आजार आटोक्यात आला. या विकाराचे मूळ १९९३ साली उलगडले. बी-लसीका कोशिकेला मिळालेला संदेश तिच्या अंतर्भागात पोहोचविणारे एक विकर या मुलांत सदोष असते. संदेश न पोहोचल्याने कोशिका परिपक्व होत नाही व प्रतिपिंडे बनत नाहीत. मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे पहिले काही महिने बाळाला सांभाळतात. ती ओसरली की दुखणी सुरू होतात.

आज अशा रुग्णांना सामान्यतः दर तीन ते चार आठवड्यांनी शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते, कारण त्यातील निम्मी प्रतिपिंडे सुमारे तीन आठवड्यांत नाहीशी होतात. मात्र या औषधात मुख्यतः ‘जी’ वर्गाची प्रतिपिंडे असतात. श्वासमार्ग व आतडे यांच्या अस्तरावर पहारा करणारी ‘ए’ वर्गाची प्रतिपिंडे त्यातून भरून निघत नाहीत. त्यामुळे श्वासनलिकांत सौम्य संसर्ग व दाह रेंगाळू शकतो. नलिका कायमच्या रुंदावतात, कफ साचतो आणि नव्या संसर्गाला जागा मिळते.

प्रौढपणीही प्रकट होणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारात गुंतागुंत अधिक असते. त्यात बी-कोशिका बहुधा असतात, पण प्रतिपिंडे पुरेशी बनत नाहीत. काही रुग्णांच्या रक्तात आतड्यातील जंतूंची द्रव्ये झिरपलेली आढळली आहेत. ती श्वेतकोशिकांना सतत चेतवितात. फुप्फुस, यकृत व आतडे यांचा दाह मग संसर्गावाचूनही चालू राहतो. तो शमविणारी काही औषधे उरलेली प्रतिकारशक्तीही क्षीण करतात. वैद्यापुढचा खरा पेच हाच आहे.

आपल्या देशात वारंवार होणारा न्यूमोनिया पाहून प्रथम क्षयरोगाची शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु रक्तातील इम्युनोग्लोब्युलिनांचे प्रमाण मोजण्याची साधी चाचणी वेळीच केली, तर फुप्फुसांची कायमची हानी टळू शकते. मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत या विकारांचे निदान व संशोधन चालते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आणि बेंगळुरूचे मानवी आनुवंशिकी केंद्र यांना विशेष केंद्रांचा दर्जा मिळाला. साहाय्याची कमाल मर्यादा २०२२ मध्ये २० लाखांवरून ५० लाख रुपये झाली. तथापि हा उपचार आयुष्यभराचा आहे, आणि त्याचे औषध हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून तयार होते. एका मुलाचा श्वास असा असंख्य अनोळखी माणसांच्या दानावर चालतो.