परसातील अशक्त बदकपिल्लाची निगा
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास)

नवी मुंबईच्या उभारणीस १९७० नंतर आरंभ झाला आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील पुष्कळ भातखाचरे व मिठागरे वसाहतींखाली गेली. गावठाणे मात्र टिकली. त्यांतील काही परसांत कोंबड्यांच्या जोडीने चार-सहा बदके आजही वावरताना दिसतात. त्यांच्या अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती असतो. एक मादी दगावली की तो तेवढ्याने घटतो. अशा घरचे मूल एखाद्या सकाळी शाळेत येऊन सांगते, "गुरुजी, आमचं एक पिल्लू वाढतच नाही." शिक्षकाने त्या दिवशी पाठ्यपुस्तक बाजूस ठेवावे व पाठास याच वाक्यापासून प्रारंभ करावा.

पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, पिल्लू अशक्त आहे की केवळ लहान आहे? हा भेद मुलांस सहसा सुचत नाही, मोठ्यांसही सुचत नाही. साध्या बदकाची अंडी सुमारे २८ दिवसांनी फुटतात, मस्कोव्ही जातीची सुमारे ३५ दिवसांनी. खुडूक कोंबडी रवणीस बसवून तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली असतील, तर सर्व पिल्ले एकाच दिवशी बाहेर आली असतीलच असे नाही. मस्कोव्हीत तर पूर्ण वाढलेली मादी नराच्या जवळजवळ निम्म्या वजनाची असते. यास्तव जात, जन्मतिथी व शक्य झाल्यास लिंग यांची चौकशी मुलाने घरी करून यावी. लहान असूनही जे पिल्लू चपळपणे चालते, चोच बुडवून पाणी पिते व खाद्यावर तुटून पडते, त्यास उपचाराची गरज नसते. जे डोळे मिटून एका बाजूस बसते, हाक मारल्यासारखे एकसारखे ओरडते किंवा भावंडे धावत असता मागे पडते, ते खरोखर अशक्त समजावे.

डोळ्यांचा अंदाज फसवा असतो; म्हणून तराजू हवा. रोज सकाळी, खाद्य देण्यापूर्वी, एकाच वेळी त्या पिल्लाचे व एका सुदृढ भावंडाचे वजन करावे आणि दोन्ही आकडे तक्त्यावर मांडावे. समजा, भावंड २०० ग्रॅमचे असताना हे १२० ग्रॅमवर आहे. दुसऱ्या दिवशी ते १२४ झाले, तिसऱ्या दिवशी १३०, तर ते मागे असले तरी वाढत आहे. १२०, १२०, ११७ असा क्रम दिसला, तर दोष शोधावयास पाहिजे. वजाबाकीचा याहून जिवंत पाठ मिळणे कठीण.

दोष शोधताना प्रथम उबेकडे पाहावे. पिल्लांस पहिल्या आठवड्यात सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे ती दर आठवड्यास सुमारे तीन अंशांनी कमी करता येते. थर्मामीटर नसल्यास पिल्लांचे वागणे हेच मोजमाप होय. दिव्याखाली एकावर एक चढून बसली तर त्यांस थंडी वाजत आहे. दिव्यापासून दूर जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकू लागली तर उष्णता अधिक झाली. पावसाळ्यात भिजलेले, गारठलेले पिल्लू आधी कोरडे करून उबेत ठेवावे, मगच त्यास खाद्य द्यावे; थंड पडलेल्या शरीरास अन्न पचविता येत नाही. अशा पिल्लास टाक्यात पोहावयास सोडणे म्हणजे पुन्हा गारठविणे होय. "बदकच ते, त्याला पाण्याची कसली भीती" असे घरोघरी म्हणतात. अंगावर पिसे येईपर्यंत हे म्हणणे खरे नाही. खोक्यात तळाशी वर्तमानपत्र घालू नये, त्यावर पाय घसरून फाकतात. भाताचे तूस किंवा गोणपाट घालावे व ओले होताच बदलावे.

पाणी व खाद्य जवळजवळ ठेवावे. बदक कोरडे पीठ पाण्यावाचून गिळू शकत नाही. ते घशात अडकते. पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके, म्हणजे दोन-तीन इंच खोल असावे आणि पिल्लू आत पडू नये म्हणून त्यात स्वच्छ खडे टाकावे. दांडग्या भावंडांमुळे एखादे पिल्लू नुसते उपाशीच राहात असते. दोन भांडी दूर दूर ठेवताच ते सावरते.

पायांची तपासणी विशेष काळजीने करावी. घोट्याचा सांधा सुजलेला, पाय धनुष्यासारखे वाकलेले व चालण्याऐवजी बसून सरकणे, ही लक्षणे दिसल्यास नायसिन नावाच्या 'ब' गटातील जीवनसत्त्वाची उणीव संभवते. बदकाच्या पिल्लास एक किलो खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. कोंबडीच्या पिल्लाची गरज याहून पुष्कळ कमी आहे. त्यामुळे कोंबडीपिल्लांचे खाद्य, किंवा नुसता पांढरा भात, यांवर वाढविलेली बदके पायांनी अधू होतात. यीस्ट व मासळी यांत हे जीवनसत्त्व चांगले असते. आगरी-कोळी घरांत सुका जवळा व बोंबील असतातच. ते बारीक करून ओल्या खाद्यात थोडे मिसळावे. (इंग्रजीत बोंबलास 'बॉम्बे डक' म्हणतात, हे मुलांस येथे सांगावे, वर्ग हसेल आणि बोंबील लक्षात राहील.) मात्र खारवलेली मासळी मुळीच घालू नये. जास्त मीठ कोवळ्या पिल्लास विषासमान ठरते. उणीव जुनी असेल तर जीवनसत्त्वाचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. वाकून गेलेला सांधा पुढे सरळ होत नाही, म्हणून दिरंगाई नको.

याहून घातक, परंतु कोणाच्या ध्यानात न येणारे कारण म्हणजे बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्कीपिल्ले अचानक मेली; बदकांची पिल्लेही मेली. शोध घेता दोष शेंगदाणा पेंडीत सापडला. तीवर वाढलेल्या बुरशीचे विष, जे पुढे अफ्लाटॉक्सिन या नावाने ओळखले गेले, यकृतास नासविते. बदकाचे पिल्लू या विषास इतके हळवे आहे की, पेंडीची परीक्षा करण्यासाठी पुढे शास्त्रज्ञ त्याचाच उपयोग करीत. कोकणच्या पावसाळ्यात पोत्यातील मका, पेंड वा कणी यांस वास येऊ लागण्यास वेळ लागत नाही, आणि घरात "माणसाला नको, बदकाला घाला" असे म्हणून ते परसात टाकले जाते. ते टाकू नये. शिजविल्याने हे विष भरवशाने नाहीसे होत नाही. वाढ खुंटलेल्या पिल्लाच्या घरी खाद्याचे पोते उघडून वास घेण्याचे काम मुलांच्या पालकांस सांगावे.

अशक्त पिल्लास वेगळे करावे, पण एकटे ठेवू नये. एकाकी बदक खाणे सोडते. शांत स्वभावाचे एक भावंड त्याच्यासोबत ठेवावे किंवा मध्ये जाळी लावून आवाज ऐकू येईल असे करावे. रात्री खोके घूस, मुंगूस व मांजर यांपासून सुरक्षित असावे.

येथे शिक्षकाने एक मर्यादा कटाक्षाने पाळावी. मान पिळवटणे, रक्तमिश्रित विष्ठा, नाकाडोळ्यांतून स्राव, किंवा एकाहून अधिक पक्षी एकदम आजारी पडणे, यांपैकी काही दिसले तर तो पाठाचा विषय राहात नाही. मुलांस दूर ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. जंगल सत्याग्रहामुळे ज्याचे नाव मुलांस ठाऊक असते, त्या उरण तालुक्यातील चिरनेर गावी जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लू आढळला होता. हिवाळ्यात खाडीवर व पाणथळींवर रानबदके उतरतात; पाळीव बदके त्यांच्यात मिसळू देऊ नयेत. बदक वरून निरोगी दिसूनही या रोगाचे विषाणू बाळगू शकते. मेलेले पक्षी खाडीत फेकू नयेत. निरोगी पिल्लू हाताळल्यावरही प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत व पिल्लू तोंडाजवळ नेऊ नये.

सर्व करूनही एखादे पिल्लू मरते. अशा वेळी कोठून तरी दुसरे आणून त्या जागी ठेवण्याचा मोह शिक्षकास होतो, तो त्याने टाळावा. मुलांस पिल्लू ओळखू येते. शेवटचे वजन व तारीख मुलांच्याच हाताने तक्त्यावर लिहवून घ्यावी आणि दुसऱ्या सकाळी उरलेल्या भावंडाचे वजन नेहमीच्या वेळी करावे.