तसबिरीतला सैतान



घराच्या आशीर्वादासाठी गेलो असता एका लहान मुलीने विचारले, "फादर, सैतान माझ्यासारखा काळा का?" भिंतीवर महादूत मिखाएलाची तसबीर होती. आई कसनुशी हसली. मलाही लगेच उत्तर सुचले नाही. (तत्त्वज्ञान शिकून काय उपयोग!)

घरोघरी दिसणारी ही तसबीर बहुधा ग्विदो रेनी या इटालियन चित्रकाराच्या सुमारे १६३५ च्या चित्रावर बेतलेली असते. देवदूत गोरापान, त्याच्या पायाखालचा सैतान सावळा माणूस. हा रंग चित्रकाराचा आहे, पवित्र शास्त्राचा नव्हे. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात मिखाएल लढतो तो अग्निवर्ण अजगराशी. आणि संत पौल तर करिंथकरांना बजावतो, की सैतान तेजस्वी दूताचे सोंग घेतो. म्हणजे काळजी गोऱ्यापान रूपाचीही घ्यायला हवी!

गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी मरियामातेला साडी नेसवली, आपल्या मातीतली बाई म्हणून रंगवले. गोव्यात त्यांच्यावर टीका झाली. पुढे ते पुण्यात राहिले.

मिखाएलाची तसबीर उतरवा, असे मी त्या घरी सांगितले नाही. फोन्सेकांच्या मरियेची एक छापील प्रत मात्र मिळवली आहे. येत्या आठवड्यात ती त्या मुलीला नेऊन देणार आहे.