आठ वाहिन्यांची ध्वनितार

घरातील एखाद्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सोय करू पाहणारा मनुष्य मायक्रोफोन निवडताना पुष्कळ विचार करतो. उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या तारांचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी होतो. वास्तविक मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण आणि तो संकेत संगणकाकडे नेणारे उपकरण यांच्यामध्ये एकाच वेळी आठ वाहिन्या न्यायच्या असतील, तर त्या सर्वांना एका वेष्टनात सामावून घेणारी तार स्वतः तयार करता येते. ती हव्या त्या लांबीची होते; शिवाय पुढे बिघाड झालाच, तर तो कोठे शोधावा हे ती बनवणाऱ्याला ठाऊक असते.

तारेची रचना

अशा तारेत प्रत्येक वाहिनीसाठी तीन संवाहक असतात. त्यांपैकी दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि तिसरा संवाहक म्हणजे त्यांच्याभोवतीचे धातूचे कवच होय. पिळलेल्या दोन तारांना आपण सुलट तार व उलट तार असे म्हणू. ध्वनिसंकेत या दोन तारांमधील फरकाच्या रूपाने वाहतो. घरातील विजेच्या तारांमुळे ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतील गुणगुण उत्पन्न होते, तेव्हा पिळामुळे तिचा परिणाम दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो. संकेत स्वीकारणारे उपकरण एका तारेतून दुसरीची वजाबाकी करते. त्यामुळे दोहोंत समान असलेला उपद्रव नाहीसा होतो आणि संकेत तेवढा उरतो. तारा पिळण्याच्या या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली दूरध्वनीच्या तारांसाठी घेतले होते. म्हणून तारेचे टोक सोलताना पिळ आवश्यकतेपेक्षा अधिक उलगडू नये.

जोडणीचा क्रम

तारेच्या एका टोकाला २५ पिनांची जोडणी आणि दुसऱ्या टोकाला तीन पिनांच्या आठ एक्सएलआर जोडण्या असतील, असे समजू. एक्सएलआरमध्ये पहिली पिन कवचाची, दुसरी सुलट तारेची व तिसरी उलट तारेची असते. २५ पिनांच्या जोडणीचा क्रम इतका सरळ नाही. टॅस्कॅमच्या उपकरणांमुळे रूढ झालेल्या आणि पुढे ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या पद्धतीत पहिल्या वाहिनीची सुलट तार २४ व्या, उलट तार १२ व्या आणि कवच २५ व्या पिनला जोडतात. आठव्या वाहिनीसाठी हीच स्थाने अनुक्रमे १, १४ आणि २ अशी येतात. आठ वाहिन्यांना २४ पिना लागतात व १३ वी पिन रिकामी राहते. काही उपकरणांत याहून वेगळा क्रम असतो. तेव्हा हाती डाख घेण्यापूर्वी उपकरणासोबतची पुस्तिका पाहून पूर्ण तक्ता कागदावर लिहून काढावा. मागून पाहताना पिनांचा क्रम आरशातल्यासारखा उलटा दिसतो. यासाठी स्थान मोजत न बसता जोडणीवर कोरलेले बारीक आकडेच वाचावेत.

डाख देणे

दोन्ही टोकांचे मिळून ४८ सांधे होतात. शेजारच्या दोन पिनांत जेमतेम पावणेतीन मिलिमीटर अंतर असते. त्यामुळे डाख देण्याची कावी बारीक टोकाची असावी. ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. त्यात राळ असावी. आम्लयुक्त द्रव्य वापरू नये, कारण ते कालांतराने सांधा खाऊन टाकते. आधी तारेच्या टोकाला व पिनेला स्वतंत्रपणे डाखाचा पातळ थर द्यावा आणि मग दोन्ही एकत्र तापवावीत. सांधा थंड होईपर्यंत तार हलू देऊ नये. जोडणीचे मागचे टोपण व उष्णतेने आकसणारी नळी आधीच तारेवर ओवून ठेवावी. हे विसरल्यास झालेला सांधा पुन्हा सोडवावा लागतो. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत, कारण शिसे विषारी आहे.

परीक्षा

तुटलेली तार लगेच कळते, कारण ती वाहिनी मुकी होते. सुलट व उलट तारांची अदलाबदल मात्र कानाला कळत नाही, कारण ती वाहिनी एकटी ऐकल्यास निर्दोष वाटते. समजा, तबल्यासाठी एक आणि डग्ग्यासाठी एक असे दोन मायक्रोफोन जवळजवळ ठेवले आहेत. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ३.४ मीटर असते. साहजिकच डग्ग्याचा खर्ज स्वर दोन्ही मायक्रोफोनांत जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो. एका वाहिनीतील तारा उलटल्या असतील, तर दोन्ही वाहिन्या एकत्र करताना हे स्वर परस्परांना मारक ठरतात आणि डग्ग्याचा घुमारा पोकळ होतो. वादक निघून गेल्यावर दोष वाद्याचा, खोलीचा की मायक्रोफोनचा, याचा शोध सुरू होतो. तारेवर संशय जातच नाही.

म्हणून तार उपकरणांना जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने तिची परीक्षा घ्यावी. प्रत्येक पिन आपल्या नेमक्या जोडीदाराशी जोडलेली आहे, हे २४ वेळा तपासावे. त्यानंतर तीच पिन इतर कोणत्याही पिनेला चिकटलेली नाही, हेही पाहावे. तपासणी चालू असताना तार हलवून पाहिल्यास कच्चा सांधा उघडकीस येतो. अखेरीस प्रत्येक टोकावर वाहिनीचा क्रमांक लिहावा आणि सुरुवातीचा तक्ता उपकरणांजवळ जपून ठेवावा. पुढे दुरुस्तीचा प्रसंग आल्यास तो तक्ता सर्वांत आधी लागेल.