पिकअप गाडीची थरथर : कारण कसे शोधावे?

टोमॅटो, भाजीपाला व फुले बाजारपेठेत नेण्यासाठी अनेक शेतकरी बंधू स्वतःची पिकअप गाडी वापरतात. गाडी थरथरत असेल तर फळे एकमेकांवर घासून दुखावतात, हे नुकसान वेगळेच. अशा वेळी बहुतेकजण प्रथम टायर बदलतात. माझ्या घरीही तसेच झाले. दोन वेळा चाकांचे बॅलन्सिंग केले, पुढचे दोन्ही टायर नवे घेतले, तरी थरथर कायम. दोष चाकांत नव्हताच!

प्रथम चाकांचे नट पान्याने तपासावेत व टायरला कोठे फुगा आला आहे काय ते पाहावे. नट ढिले असल्यास किंवा फुगा आढळल्यास तो दोष दूर केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. रिमच्या आतील बाजूस वाळलेला चिखल खरवडून काढावा. काळ्या रानातून गाडी काढल्यावर हा चिखल एकाच बाजूस घट्ट बसतो व चाकाचा तोल बिघडतो. फुकटचा उपाय आहे, पण सहसा कोणी करीत नाही.

नंतर सपाट, मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी चालवून पाहावी. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने वेग लिहून घ्यावा. साधारण ६० ते ८० कि.मी. वेगाला स्टेअरिंग हलत असेल तर पुढच्या चाकांचा संशय घ्यावा. बैठक व हौदा थरथरत असेल तर मागील चाके किंवा प्रोपेलर शाफ्ट तपासावा. खात्रीसाठी पुढची चाके मागे व मागची पुढे लावून पाहावीत. थरथरीची जागा बदलली तर दोष चाकातच आहे. फक्त ब्रेक दाबताना थरथर येत असेल तर डिस्क किंवा ड्रम पाहावा. तोच वेग चौथ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवल्यावर थरथर बदलली तर इंजिन व त्याच्या माउंटिंगकडे लक्ष द्यावे.

अॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढते आणि सोडल्यावर कमी होते, असे असल्यास शाफ्टचे क्रॉस व सेंटर बेअरिंग तपासून घ्यावे. इंजिन बंद करून, चाकांना उटी लावून शाफ्ट हाताने फिरवून व हलवून पाहावा. क्रॉसमध्ये खडखड जाणवली तर तो झिजला आहे असे समजावे.

आमच्या गाडीत क्रॉस चांगले होते. जास्त माल बसावा म्हणून आम्हीच मागे एकेक जादा पाटा घातला होता. त्यामुळे रिकाम्या गाडीचा मागचा भाग उंच झाला, शाफ्टच्या सांध्याचा कोन वाढला व थरथर सुरू झाली. गाडी भरली की ती कमी होई, ही खूण आमच्या लक्षात यावयास हवी होती. जादा पाटे काढल्यावर गाडी शांत झाली. टायरचे पैसे मात्र गेले.

शाफ्ट खोलावा लागल्यास सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर आधी रंगाची खूण करून घ्यावी. जोडताना या खुणा समोरासमोर आल्या पाहिजेत. एखादा दाता इकडेतिकडे बसला तर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि नवा क्रॉस बसवूनही गाडी थरथरतच राहते. गॅरेजमध्ये हे काम चालू असताना आपण स्वतः जवळ उभे राहावे.