पाहुणा दुसऱ्या दिवशीही थांबला पाहिजे

भंडारदऱ्याच्या तायांनो, काजव्यांच्या दिवसांत पाहुणे संध्याकाळी येतात, तुमच्या हातचं पिठलं-भाकरी खातात, काजवे बघतात आणि सकाळी चहा पिऊन गाडी काढतात. दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे पैसे गेले की नाही? पुढे काय बघायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मग जेवण वाढतानाच सांगा. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, त्याचं कोरीव काम, जवळची पुष्करणी. प्रवरेवरचं १९२६ साली पूर्ण झालेलं धरण. कळसूबाई चढायचं असेल तर बारी गावातून, पहाटेच निघायचं. १६४६ मीटर आहे, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, उन्हात दम निघतो. त्यांना डबा बांधून द्या आणि त्याचे पैसे वेगळे लावा. (इथेच आपण लाजतो!)

काजव्यांच्या झाडाजवळ बॅटरी, मोबाईलचा फ्लॅश, गाडीचे दिवे बंद करायला लावा. काजवे उजेडावरूनच जोडीदार शोधतात. आपल्या उजेडात त्यांना तो सापडत नाही, मग पुढच्या वर्षी काजवे कुठून येणार?

आणि एक. पाऊस लागला की साम्रदच्या सांदण दरीत कोणाला पाठवू नका. अरुंद घळ आहे, वरून पाणी एकदम येतं, पळायला जागा नाही. पाहुणा हट्ट करेल, जास्त पैसे देतो म्हणेल. तरी नाहीच म्हणायचं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने डब्याचा खर्च लिहून आणा, सरपण आणि स्वतःची मजुरी धरून.